दोन मॅच, एक पत्र आणि चौऱ्याहत्तर वर्षं : जॅक ट्राइसची गोष्ट

वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत असताना नाहीतर नंतर कधीतरी वाचलेलं असतं. बेळगाव असो, पणजी असो, इंदूर असो की बडोदा, मराठी पुस्तकांचं कपाट असलेल्या घरात ते हमखास सापडतं. त्या पुस्तकामुळं अमेरिकेतल्या आयोवा राज्यातली दोन ठिकाणं आपल्या ओळखीची झाली. एक सिम्पसन कॉलेज, जिथं जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आधी शिकले. दुसरं एम्स गावचं शेतकी कॉलेज, म्हणजे आजचं आयोवा स्टेट विद्यापीठ. तिथले ते पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी. पुढं तिथंच शिकवू लागले आणि १८९६ साली दक्षिणेतल्या टस्कीगीला निघून गेले, आपल्या लोकांना शेती शिकवायला.

त्यानंतर २६ वर्षांनी याच एम्समध्ये आणखी एक कृष्णवर्णीय पोरगा आला. त्यालाही शेतीशी संबंधित शिक्षण घ्यायचं होतं. पदवी घेऊन दक्षिणेत जायचं आणि तिथल्या काळ्या शेतकऱ्यांच्या उपयोगी पडायचं, हे त्याचंही ठरलेलं होतं. फरक एवढाच की हा पोरगा फुटबॉल खेळायचा. कॉलेजच्या मुख्य संघातून तो फक्त दोन मॅच खेळला. दुसऱ्या मॅचनंतर दोन दिवसांनी तो गेला. वय वर्षं २१.

त्याचं नाव जॅक ट्राइस. आज त्या विद्यापीठाचं साठ हजारांहून जास्त प्रेक्षक बसतील एवढं स्टेडियम त्याच्या नावानं ओळखलं जातं. पण हे नाव तिथं लागायला ७४ वर्षं गेली. ही गोष्ट त्या दोन मॅचची आहे, आणि त्या ७४ वर्षांचीही.

हायरमचा एकुलता एक

जॅकचा जन्म १९०२ साली ओहायो राज्यातल्या हायरम या छोट्या गावात झाला. पाळण्यातलं नाव जॉन, पण सगळे जॅकच म्हणायचे. वडील ग्रीन ट्राइस यांनी अमेरिकन सैन्याच्या कृष्णवर्णीय पलटणीत नोकरी केली होती. नंतर ते हायरमला शेतीच्या कामावर राहिले. जॅक सात वर्षांचा असताना ते वारले. आई अ‍ॅना आणि एकुलता एक मुलगा, एवढंच घर उरलं.

हायरम जवळजवळ सगळं गोऱ्यांचं गाव. जॅक तिथल्या गोऱ्या पोरांबरोबर वाढला, खेळला. आईला मात्र एक काळजी होती. बाहेरचं जग या गावासारखं नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. पोराला ते आधीच कळावं आणि आपल्या माणसांतही तो वावरावा, म्हणून १९१८ च्या सुमारास तिनं त्याला क्लीव्हलंड शहरात मामा-काकांकडं राहायला धाडलं. पोटचा एकच मुलगा असा लांब ठेवणं सोपं नव्हतं.

क्लीव्हलंडच्या ईस्ट टेक्निकल हायस्कूलमध्ये त्याचा खेळ बहरला. तिथले फुटबॉल कोच होते सॅम विलामन. अंगानं भक्कम, सहा फूट उंच, वजन दोनशे पौंडांच्या वर, आणि एवढ्या वजनाला न शोभणारी चपळाई. विलामन यांनी त्याला लाइनमध्ये टॅकलच्या जागेवर उभं केलं. १९२२ साली विलामन यांना एम्सच्या कॉलेजात मुख्य कोच म्हणून बोलावणं आलं. जाताना त्यांनी आपल्या शाळेतले काही खेळाडू बरोबर नेले. त्यात जॅक होता.

टॅकल म्हणजे नेमकं कोण?

इथं थोडं थांबून हा खेळ समजून घ्यायला हवा. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट आकाराचा चेंडू हातात घेऊन पळायचा असतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं. सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाहीतर चेंडू समोरच्याकडं जातो. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा जण असतात. त्यातले सात जण चेंडूच्या रेषेवर समोरासमोर उभे ठाकतात. ती लाइन. मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या पलीकडं टॅकल आणि टोकाला एंड.

लाइनमधल्या माणसाच्या हातात सहसा चेंडू येत नाही. त्यानं अंगानं समोरच्याला रेटायचं, अडवायचं, खाली पाडायचं आणि मागून चेंडू घेऊन येणाऱ्याला वाट करून द्यायची. पॉइंट पळणाऱ्याच्या नावावर लागतो, पेपरात फोटोही त्याचाच येतो. कबड्डीत चढाई करणारा सगळ्यांना आठवतो, पण त्याचा घोटा धरून ठेवणाऱ्या कोपऱ्यातल्या गड्याचं नाव किती जणांना सांगता येतं? साधारण तसंच.

त्या काळात हे काम आजच्यापेक्षा दुप्पट होतं. आता अमेरिकेत चढाईचा संघ वेगळा आणि बचावाचा वेगळा असतो. १९२३ साली तेच अकरा जण दोन्ही कामं करायचे. बदली खेळाडू घेण्यावर कडक बंधनं होती. डोक्यावर मऊ चामड्याची टोपी असायची, तीही सक्तीची नव्हती, आणि तोंडापुढं जाळी नसायची. चढाई करताना जॅकनं वाट करून द्यायची आणि चेंडू समोरच्याकडं गेला की तीच वाट अंगानं बुजवायची, असं पूर्ण मॅचभर चालायचं.

एम्समधले दिवस

जॅकनं पशुसंवर्धन हा विषय घेतला. तेव्हाच्या नियमानं पहिल्या वर्षाच्या मुलांना कॉलेजच्या मुख्य संघात खेळता येत नसे. त्यामुळं १९२२ चा हंगाम तो पहिल्या वर्षाच्या संघात खेळला. मैदानी खेळांतही उतरला. अभ्यासात तो चांगला होता. पैशाची तंगी असल्यानं कॉलेजच्या जिमखान्यात आणि गावातल्या एका इमारतीत साफसफाईचं काम करून तो खर्च भागवायचा.

१९२३ च्या उन्हाळ्यात त्यानं ओहायोच्याच कोरा मे स्टारलंडशी लग्न केलं. आईनं हायरमचं घर गहाण टाकून त्याच्या शिक्षणाला हातभार लावला होता. कोराही एम्सला आली आणि तिनं गृहविज्ञानाला नाव घातलं. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना कॉलेजच्या हॉस्टेलात जागा मिळत नसे. हे जोडपं गावातल्या मेसॉनिक टेंपल नावाच्या इमारतीत राहायचं. वर्गात बसायला परवानगी होती, संघात खेळायला परवानगी होती, हॉस्टेलात पथारी टाकायला मात्र नाही.

आपल्याला हे ऐकून नवल वाटायचं कारण नाही. धारवाडात जन्मलेले पळवणकर बाळू त्या आधी पुण्यात क्रिकेट खेळत होते. गोलंदाजीला ते हवेच असायचे, पण चहाच्या वेळी त्यांना पॅव्हेलियनच्या बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. चौरंगी स्पर्धेत हिंदू संघाचं कप्तानपद बाळूंना अखेरपर्यंत मिळालं नाही. ते त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळालं, तेही १९२३ सालीच. मैदानावर माणूस हवा, मैदानाबाहेर नको, ही रीत दोन्हीकडं सारखीच होती.

एम्सचं कॉलेज ज्या गटात खेळायचं त्यात दक्षिणेकडच्या वळणाची काही कॉलेजं होती. काळा खेळाडू असलेल्या संघाशी खेळायचं नाही, असा त्यांच्यात अलिखित करार होता. मिझुरी विद्यापीठाकडून तर तसं आधीच कळवण्यात आलं होतं. म्हणजे जॅक कितीही चांगला खेळला तरी हंगामातल्या काही मॅच त्याला बाकावर बसून काढाव्या लागणार, हे मैदानात उतरायच्या आधीच ठरल्यासारखं होतं.

हंगामाची पहिली मॅच सप्टेंबरच्या अखेरीस झाली. समोर सिम्पसन कॉलेज, तेच कार्व्हरचं सिम्पसन. एम्सनं मॅच १४-६ अशी जिंकली. आयोवा स्टेटच्या मुख्य संघातून खेळलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून त्या दिवशी जॅकचं नाव लागलं. योगायोग बघा, कार्व्हर एम्सला होते तेव्हा तिथल्या फुटबॉल संघाच्या पोरांना मालीश करायचं काम ते करत. एका पिढीनंतर मालीश करणाऱ्याच्या जातीचा पोरगा त्याच संघात उभा राहिला.

हॉटेलच्या कागदावरचं पत्र

दुसरी मॅच होती ६ ऑक्टोबरला, मिनेसोटा विद्यापीठाशी, त्यांच्याच मैदानावर, मिनिआपोलिस शहरात. मिनेसोटाचा संघ बलाढ्य होता. जॅकसाठी ही पहिली खरी मोठी कसोटी होती.

मिनेसोटा उत्तरेकडचं राज्य. तिथं दक्षिणेसारखे वेगळ्या डब्यांचे आणि वेगळ्या नळांचे कायदे नव्हते. तरी तीनच वर्षांपूर्वी, १९२० च्या जूनमध्ये, याच राज्यातल्या डुलूथ शहरात जमावानं सर्कशीत काम करणाऱ्या तीन काळ्या तरुणांना तुरुंगातून ओढून काढून खांबाला फाशी दिलं होतं. जॅकला हे ठाऊक नसेल असं म्हणणं कठीण आहे.

मॅचच्या आदल्या रात्री त्यानं कर्टिस हॉटेलच्या छापील कागदावर एक पत्र लिहिलं. ते आईला नव्हतं, बायकोलाही नव्हतं. ते त्यानं स्वतःसाठीच लिहिलं होतं. पहिल्या खऱ्या मोठ्या मॅचच्या आदल्या रात्रीचं त्याचं मन त्यात आहे. उद्या आपला वंश, आपलं घर आणि आपण स्वतः, या सगळ्यांची अब्रू पणाला लागली आहे, असं त्याला वाटत होतं. सगळ्यांना आपल्याकडून काहीतरी मोठं हवं आहे आणि ते आपण करणारच, असा निश्चय त्यात आहे. अंग झोकून द्यायचं, कचरायचं नाही, असं त्यानं स्वतःला बजावलं. मग एकदम खेळाचा हिशोब येतो. समोरचे कुठल्या चाली करतील, कुठल्या फसव्या धावांवर डोळा ठेवायचा, क्षणभरही गाफील राहायचं नाही, अशी यादीच त्यानं केली आहे.

पत्राचे हे दोन्ही भाग शेजारी ठेवून वाचले की पोटात कालवतं. एकवीस वर्षांच्या पोरानं एका कागदावर अख्ख्या समाजाचं ओझं मांडलं आणि त्याच कागदावर टॅकलनं कुठं उभं राहायचं तेही. बाकीच्या खेळाडूंनी त्या रात्री फक्त मॅचचा विचार केला असेल. तेवढी मुभा जॅकला नव्हती. तो चुकला असता तर एकटा जॅक चुकला असं कुणी म्हटलं नसतं.

पत्र घडी करून त्यानं कोटाच्या खिशात ठेवलं.

६ ऑक्टोबर १९२३

मॅच सुरू झाल्या झाल्या जॅकला मार बसला. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. दुखत होतं, पण तो बाहेर आला नाही. आपण ठीक आहोत म्हणून खेळत राहिला. मधल्या सुट्टीनंतरही उतरला.

तिसऱ्या सत्रात चेंडू मिनेसोटाकडं होता. त्यांची चढाई जॅकच्या बाजूनं आली. पुढं आडवे येणारे गडी आणि त्यांच्या आडून चेंडू घेऊन पळणारा. ही भिंत फोडायला जॅकनं आपलं अंग आडवं टाकलं आणि लोळत त्यांच्या पायांत शिरला. लाइनमनच्या ठेवणीतला हा डाव. त्यात माणूस पोटावर पडायला हवा. जॅक पाठीवर पडला आणि धावत येणारे मिनेसोटाचे गडी त्याच्या अंगावरून गेले.

त्याला उचलून बाहेर आणलं. तो परत मैदानात जायचं म्हणत होता. शेवटी त्याला तिथल्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी तपासून प्रवासाला हरकत नाही असं सांगितलं. एम्सनं मॅच २०-१७ अशी गमावली.

संघाबरोबरच रेल्वेनं त्याला परत आणलं. मिनिआपोलिस ते एम्स हे अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. डब्यात पेंढ्याची गादी करून त्यावर त्याला निजवलं होतं. आतून रक्तस्राव होत असलेल्या माणसानं तो रातोरातचा प्रवास कसा काढला असेल!

घंटाघरात तीन वाजले

एम्सला पोचल्यावर त्याला कॉलेजच्या हॉस्पिटलात ठेवलं. श्वास लागायला लागला. राजधानी डे मॉइनहून एका तज्ज्ञ डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी तपासलं, पण ऑपरेशन केलं तर तो त्यातच जाईल असं त्यांचं मत पडलं. करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

सोमवार, ८ ऑक्टोबर. कोराला बोलावणं गेलं. नवऱ्याशी तिचं जेमतेम बोलणं झालं. एम्सच्या आवारात एक उंच घंटाघर आहे. दुपारी त्यात तीनचे ठोके पडले आणि जॅक गेला. हे ठोके कोराच्या कानांत आयुष्यभर राहिले. साठ-पासष्ट वर्षांनी विद्यापीठाला लिहिलेल्या पत्रातही तिनं त्यांचा उल्लेख केला.

दुसऱ्या दिवशी वर्ग बंद ठेवून कॉलेजच्या मधल्या मैदानावर अंत्यविधी झाला. तीन-चार हजार विद्यार्थी आणि शिक्षक जमले होते. शवपेटीवर कॉलेजच्या लाल-सोनेरी रंगाचं वस्त्र होतं. त्याच्या थोडंच आधी कोटाच्या खिशातलं ते पत्र सापडलं होतं. कॉलेजचे अध्यक्ष रेमंड पिअरसन यांनी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. ज्याला हॉस्टेलात खोली मिळाली नव्हती, त्याच्यासाठी अख्खं कॉलेज मान खाली घालून उभं होतं.

विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली आणि दोन हजार डॉलरच्या वर रक्कम जमवली. तेव्हाच्या हिशेबानं ती मोठी होती. अंत्यविधीचा खर्च आणि अ‍ॅनाच्या घरावरचं कर्ज यांसाठी ती उपयोगी पडली. जॅकचा देह हायरमला नेऊन पुरला.

अ‍ॅनानं नंतर अध्यक्षांना पत्र लिहिलं. पोराच्या जगण्यातून आणि मरण्यातून एम्सच्या काळ्या विद्यार्थ्यांना काही बळ मिळालं तर त्याचं जाणं वाया गेलं नाही, अशा अर्थाचं तिनं लिहिलं. त्याच्या सन्मानाचा तिला अभिमान होता. पण तो आपल्याजवळचं सगळं काही होता आणि आता पुढं फक्त एकटेपणा आहे, हेही तिनं लपवलं नाही.

मुद्दाम की अपघात?

हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि अजूनही विचारला जातो. तो काळा होता म्हणून त्याला मुद्दाम तुडवलं का? प्रत्यक्ष पाहणाऱ्यांत दोन तट होते. काहींना ते मुद्दाम केल्यासारखं दिसलं. काहींच्या मते तो डावच धोक्याचा होता आणि कुणीही तसाच सापडला असता. चौकशीतून पक्कं काही बाहेर आलं नाही. १९२३ च्या त्या क्षणाची निर्णायक फिल्म आज कुणाकडं नाही, त्यामुळं शंभर वर्षांनी आपण निकाल देणं योग्य नाही.

पण प्रश्न थोडा वळवून विचारता येतो. गळ्याजवळचं हाड मोडलेलं असताना हा पोरगा बाहेर का आला नाही? त्याचं उत्तर त्या पत्रात आहे. जो सगळ्यांच्या वतीनं उभा आहे, तो दुखतंय म्हणून बाजूला कसा होणार? त्याच्या अंगावरून कोण गेलं हे कदाचित कधीच कळणार नाही. त्याला तिथं तसं कुणी उभं केलं हे मात्र कळतं, आणि त्याची जबाबदारी मैदानावरच्या दोन-तीन पोरांपेक्षा फार मोठ्या लोकांवर जाते.

आयोवा स्टेटनं १९२४ नंतर मिनेसोटाशी मॅचचा करार पुढं चालू ठेवला नाही. दोन्ही संघ पुन्हा समोरासमोर आले ते थेट १९८९ साली.

भिंतीवरची पाटी

मित्रांनी आणि विद्यार्थ्यांनी जॅकच्या आठवणीसाठी जिमखान्याच्या भिंतीवर एक धातूची पाटी लावली. त्यावर त्याच्या पत्राचा मजकूर कोरला. पुढं वर्षं गेली, पोरं पास होऊन निघून गेली, पाटीवर धूळ बसली. जिमखान्यात रोज शेकडो जण येत होते, पण वर मान करून वाचणारा कुणी नव्हता.

१९५७ साली टॉम एमर्सन नावाच्या विद्यार्थ्याचं तिकडं लक्ष गेलं. त्यानं माहिती काढून विद्यार्थ्यांच्या मासिकात लेख लिहिला. तेवढ्यापुरतं नाव पुन्हा निघालं आणि परत विसरलं गेलं.

खरी हालचाल झाली १९७३ च्या सुमारास. विद्यापीठ तेव्हा नवं स्टेडियम बांधत होतं. अ‍ॅलन बील्स या कर्मचाऱ्यानं त्या पाटीबद्दल चार्ल्स सोन या इंग्रजीच्या शिक्षकांना सांगितलं. सोन यांनी पहिल्या वर्षाच्या आपल्या वर्गाला हाच विषय दिला. मुलांनी जुने कागद चाळले, पेपर काढले, त्या काळातल्या लोकांना गाठलं. निबंधासाठी हाती घेतलेला विषय त्यांना सोडवेना. नव्या स्टेडियमला जॅक ट्राइसचं नाव द्या, अशी मागणी त्यांनी सुरू केली. समिती झाली, सह्यांची मोहीम झाली, विद्यार्थी संसदेचे ठराव झाले.

विद्यापीठाला ते पचनी पडेना. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं साधं होतं. दोनच मॅच खेळलेल्या पोराचं नाव एवढ्या मोठ्या स्टेडियमला कसं द्यायचं? शिवाय देणगी देणाऱ्यांच्या मर्जीचाही विचार होता. १९७५ मध्ये स्टेडियम उघडलं ते जॅकच्या नावाशिवाय.

पोरांनी सोडलं नाही

विद्यार्थी चळवळीची अडचण आपल्याला माहीत आहे. चार वर्षांत पोरं पदवी घेऊन निघून जातात आणि कार्यालयातला माणूस तिथंच राहतो. नुसता वेळ काढला तरी मागणी थंड होते. एम्समध्ये तसं झालं नाही. एक तुकडी गेली की पुढच्या तुकडीनं ते हातात घेतलं.

१९८४ साली अर्धवट तोडगा निघाला. इमारतीला सायक्लोन स्टेडियम म्हणायचं आणि आतल्या गवताच्या मैदानाला जॅक ट्राइस फील्ड. सायक्लोन, म्हणजे वादळ, हे तिथल्या संघाचं टोपणनाव. मुलांना हे पटलं नाही. त्यांनी स्वतःच्या पैशातून जॅकचा पुतळा उभा करायचं ठरवलं आणि १९८८ मध्ये तो उभा राहिला. शिल्पकार क्रिस्टोफर बेनेट यांनी त्याला खेळाच्या कपड्यात दाखवलेलं नाही, हातात चेंडूही दिलेला नाही. साध्या कपड्यातला एक विद्यार्थी आपलं पत्र वाचतो आहे, असा तो पुतळा आहे.

अखेर १९९७ साली पूर्ण स्टेडियमला जॅक ट्राइस स्टेडियम हे नाव मिळालं. अमेरिकेतल्या वरच्या श्रेणीच्या कॉलेज फुटबॉलमध्ये कृष्णवर्णीय माणसाचं नाव असलेलं ते पहिलं मोठं स्टेडियम ठरलं. पुतळाही तिथं हलवण्यात आला. जॅकच्या मृत्यूला तेव्हा ७४ वर्षं झाली होती. ज्या मुलांनी १९७३ मध्ये निबंध लिहिले, ती तोवर चाळिशी ओलांडून गेली होती.

दोनच मॅच खेळला, हा आक्षेप आजही कुणी घेऊ शकेल. आकडे काढायला बसलं तर जॅकच्या नावावर काहीच निघणार नाही. टॅकलच्या नावावर तसंही फार काही निघत नाही. त्याचं काम मागच्याला वाट करून देण्याचं. आज त्या मैदानावर उतरणाऱ्या संघात कृष्णवर्णीय खेळाडू मोठ्या संख्येनं असतात आणि ते विद्यापीठाच्या हॉस्टेलात राहतात.

शंभर वर्षांनी पदवी

ऑक्टोबर २०२३ मध्ये जॅकच्या मृत्यूला १०० वर्षं झाली. विद्यापीठानं ते वर्ष त्याच्या नावानं पाळलं. स्टेडियमजवळच्या रस्त्याला त्याचं नाव दिलं. आणि एक राहिलेलं काम केलं. त्याला मरणोत्तर पदवी दिली, पशुसंवर्धन विषयातली.

स्टेडियम, पुतळा, रस्ता यांपैकी काहीच जॅकनं मागितलेलं नव्हतं. एम्सला तो आला होता ते ही पदवी घ्यायला. ती हातात पडली असती तर तो दक्षिणेत गेला असता, कार्व्हरच्या वाटेनं. तिथं कुठल्यातरी खेड्यात गुराढोरांची निगा कशी राखायची हे शेतकऱ्यांना सांगत बसला असता. त्याचं नाव मग तुमच्या-आमच्या कानावर कदाचित कधीच आलं नसतं. हायरमची अ‍ॅना मात्र म्हातारपणी एकटी पडली नसती.